‘ब्रेकडाउन’, ‘बिघाड’ आणि ‘बंद पडणे’ : औद्योगिक मराठीतील एका शब्दाची चिकित्सा

१

परकीय शब्दांविषयीची आपली चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे : हा शब्द ठेवावा की टाकावा? रघुनाथपंडितांच्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत, आणि माधव जूलियन यांच्या ‘भाषाशुद्धि-विवेका’पासून (१९३८) महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) सिद्ध केलेल्या परिभाषा कोशांपर्यंत या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली गेली, प्रश्न मात्र तोच राहिला. परका शब्द भाषेत शिरून नेमके कोणते काम करतो, आणि ते काम करताना भाषेच्या अंगच्या कोणत्या शक्तीला रजा देतो, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात ‘ब्रेकडाउन’ या एका शब्दापुरता तो विचारण्याचा हेतू आहे.

या शब्दाची मराठी वसाहत पाहावयाची असेल तर ग्रंथालयात न जाता अंबरनाथच्या एमआयडीसीत जावे. मोरिवली, चिखलोली, आनंदनगर या भागांत रसायने, औषधे, यंत्रभाग आणि कापड यांचे लहानमोठे कारखाने आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. परंतु अंबरनाथची कारखानदारी त्याहून जुनी आहे. आगपेट्यांचा कारखाना आणि संरक्षण खात्याची ऑर्डनन्स फॅक्टरी यांनी या गावाला यंत्रांची ओळख आधीच करून दिली होती. येथील कामगारवर्ग एकभाषिक नाही. आगरी-कुणबी बोली बोलणारा स्थानिक, घाटावरून आलेला, उत्तर हिंदुस्थानातून आलेला आणि शेजारच्या उल्हासनगरातील सिंधी व्यावसायिक अशा सर्वांच्या बोलण्यात जे थोडे शब्द समान आहेत, त्यांत ‘ब्रेकडाउन’ हा एक होय. तो येथे इंग्रजी म्हणून उच्चारला जात नाही. ‘कालपासून लाइन ब्रेकडाउनला आहे’, ‘दुसऱ्या शिफ्टला ब्रेकडाउन आला’, ‘मशीन ब्रेकडाउन झाली’ अशी वाक्ये तेथे ऐकू येतात. त्यांत शब्दाला विभक्ती लागते, तो ‘येतो’, ‘होतो’, आणि नामाइतक्याच सहजपणे विधिविशेषण म्हणूनही चालतो. इतका मुरलेला शब्द परका आहे असे म्हणणे हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने खरे, पण व्यवहाराच्या दृष्टीने निरर्थक आहे.

२

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. ‘ब्रेक’ आणि ‘डाउन’ या दोन पदांचे क्रियापदरूप इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळते. मोडून खाली पाडणे हा त्याचा मूळचा, शरीराला जाणवणारा अर्थ. त्याचे नाम मात्र एकोणिसाव्या शतकातले, म्हणजे वाफेचे इंजिन रूढ झाल्यानंतरचे आहे. क्रियापदापासून नाम होण्यास लागलेला हा चार-पाचशे वर्षांचा काळ अर्थपूर्ण आहे. वस्तू मोडतात हे माणसाला प्रारंभापासून ठाऊक होते; परंतु ‘मोडण्याची घटना’ ही मोजण्याजोगी, वेळ लावण्याजोगी आणि नोंदण्याजोगी वस्तू आहे ही कल्पना यंत्रयुगाची आहे.

नाम झाल्यावर शब्दाचा संचार वाढला. वाटाघाटींचे ब्रेकडाउन, मज्जासंस्थेचे म्हणजेच ‘नर्व्हस’ ब्रेकडाउन, रासायनिक पदार्थाचे ब्रेकडाउन, आणि विसाव्या शतकात खर्चाचे बाबवार ब्रेकडाउन, असे अर्थ क्रमाने येत गेले. अंबरनाथच्या एकाच कारखान्यात यांपैकी कितीतरी अर्थ एकमेकांशेजारी नांदतात. हिशेबनीस अंदाजपत्रकाचे ब्रेकडाउन मागतो. रसायनज्ञ संयुगाच्या ब्रेकडाउनविषयी बोलतो. वीजतंत्री रोहित्रातील तेलाची ‘बीडीव्ही टेस्ट’ घेतो, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या फटीतील तेल किती किलोव्होल्टपर्यंत दाब सोसते आणि कोठे हार खाते हे तपासतो. आणि फिटर बंद पडलेल्या पंपाजवळ उभा असतो. मराठीत या चौघांना अनुक्रमे विभागणी, विघटन, विद्युत्‌भंग आणि बंद पडणे असे चार वेगळे शब्द लागले असते. इंग्रजीला एकच पुरला. हे इंग्रजीचे वैभव मानावे की संदिग्धता, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. पण एका शब्दाच्या जागी एक शब्द शोधणारा कोशकार पहिल्याच पायरीवर का अडखळतो, ते यावरून कळते.

३

आता मराठीकडे वळू. आकस्मिक अपयशासाठी मराठीत शब्द नाही असे जे गृहीत धरले जाते, ते वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. मराठीत असे शब्द फार आहेत, आणि ते बहुतेक सर्व क्रियापदे आहेत.

कारखान्यातील साध्या बोलण्याकडे लक्ष दिले तरी हे दिसते. बेअरिंग ‘जाते’, मोटर ‘जळते’, फ्यूज ‘उडतो’, पट्टा ‘तुटतो’, दांडा ‘वाकतो’, सील ‘गळते’, पंप ‘बसतो’, नळी ‘फुटते’ किंवा ‘तुंबते’, लाइट ‘जाते’. काय बिघडले हे प्रत्येक क्रियापदच सांगून टाकते; वेगळा खुलासा लागत नाही. शिवाय ही क्रियापदे यंत्रापुरती मर्यादित नाहीत. पंप बसतो तसा घसा बसतो, भिंत बसते आणि धंदाही बसतो. रस्ता खचतो तसे मन खचते. इंग्रजीतील ‘नर्व्हस ब्रेकडाउन’चा अर्थ मराठी माणूस ‘तो पार खचला’ एवढ्यात सांगतो. बुरूज ढासळतो तशी प्रकृती ढासळते. दरड कोसळते, पाऊस कोसळतो, बाजार कोसळतो. लग्न मोडते आणि संपही मोडतो. बेअरिंग गेले, दिवा गेला आणि माणूस गेला या तीन वाक्यांत क्रियापद एकच आहे. आणि तिसरे वाक्य उच्चारताना पहिल्या दोहोंची आठवण होत नाही, हा भाषेचा संयम आहे.

म्हणजे मराठीची अडचण दारिद्र्याची नसून नेमकेपणाची आहे. येथे प्रत्येक वस्तूला आपापल्या रीतीने निकामी होण्याचा अधिकार आहे. या सर्व रीतींना पोटात घेणारे एक सामान्यनाम मात्र नाही. ‘बंद पडणे’ हे सर्वांत व्यापक म्हणावे, तर तेही क्रियापदच. त्याचे नाम करावयाचे म्हटले की ‘बंद पडण्याचा प्रकार’ असा लांब शब्दसमूह तयार होतो.

या नेमकेपणाची व्यवहारात किंमत असते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात थांबून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढण्यात आले. त्या गाडीविषयी मराठी माणसाच्या तोंडी आलेला शब्द ‘अडकली’ हा होता. ‘बंद पडली’ असे म्हटले असते तर दोष गाडीकडे गेला असता. ‘अडकली’ म्हणताच तो गाडीच्या बाहेर, पाण्याकडे आणि रुळाकडे गेला. क्रियापदाच्या निवडीतच कारणमीमांसेचा आरंभ असतो, हे या छोट्या उदाहरणावरून दिसून येईल.

४

‘ब्रेकडाउन’ला प्रतिशब्द म्हणून सर्वांत अधिक पुढे केला जातो तो ‘बिघाड’. हा शब्द उत्तम आहे. परंतु तो ‘ब्रेकडाउन’चा प्रतिशब्द नव्हे.

‘बिघडणे’ आणि ‘विघटन’ ही एकाच धातूची अपत्ये आहेत. ‘घट्’ म्हणजे जुळणे, ‘विघट्’ म्हणजे जुळलेले सुटणे. त्यामुळे ‘बिघाड’ हा मुळात संबंधांचा शब्द आहे. दोघा भावांत बिघाड येतो. राजकीय पक्षांच्या ‘आघाडीत बिघाडी’ झाल्याचे वृत्तपत्रे लिहितात, तेव्हा ती केवळ यमकासाठी लिहीत नाहीत, शब्दाचा जुना अर्थ तेथे जिवंत असतो. यंत्राच्या बाबतीतही बिघाड म्हणजे भागांचा परस्परसंबंध सुटणे. दुसरे असे की, बिघडणे ही अवस्था आहे. हवा बिघडते, दूध बिघडते, मुलगा बिघडतो. आणि हे सारे हळूहळू, कोणाच्या तरी डोळ्यांदेखत घडते. बिघडलेले यंत्र चालू असू शकते. किंबहुना बिघडलेले यंत्र चालूच ठेवले जाते, हा कारखान्यांतील नित्याचा अनुभव आहे.

येथे तीन पायऱ्या स्पष्टपणे वेगळ्या करता येतात. पहिली झीज : अंबरनाथच्या शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिवमंदिरावरील शिल्पांची जी ऊनपावसाने होते, ती. दुसरी बिघाड : झिजलेल्या भागांचे परस्परांशी नाते सुटू लागते, आवाज बदलतो, उष्णता वाढते. तिसरी बंद पडणे. ‘ब्रेकडाउन’ हा केवळ तिसऱ्या पायरीचा शब्द आहे. तो पहिल्या दोन पायऱ्या मोजत नाही, कारण त्या काळात उत्पादन चालू असते. बिघाडाला ‘ब्रेकडाउन’चा प्रतिशब्द बनवताच दुसरी पायरी तिसरीत विरून जाते, आणि ज्या अवस्थेत सुधारणा शक्य होती त्या अवस्थेचे नावच भाषेतून नाहीसे होते.

‘तांत्रिक बिघाड’ या पदाने नेमके हेच केले आहे. ‘तांत्रिक बिघाडामुळे वाहतूक विस्कळीत’ हे वाक्य अंबरनाथ-बदलापूरच्या प्रवाशाने इतक्या वेळा वाचले आणि ऐकले आहे की, त्यातून आता कोणतीही माहिती मिळत नाही. तार तुटली, रूळ तडकला, सिग्नल जळाला अथवा इंजिन बसले, यांपैकी काहीही झाले तरी तांत्रिक बिघाडच होतो. ‘तांत्रिक’ हे विशेषण येथे प्रकार सांगण्यासाठी नसून पुढील प्रश्न थांबविण्यासाठी योजिले आहे. नेमक्या क्रियापदांनी समृद्ध असलेल्या भाषेने हे पद स्वीकारावे ही खेदाची गोष्ट आहे. आणि ते शुद्ध मराठी आहे एवढ्यावरून त्याला क्षमा करता येत नाही.

५

मग कामगाराने ‘ब्रेकडाउन’ का उचलला? आळसाने किंवा इंग्रजीच्या मोहाने, हे उत्तर सोपे आणि चुकीचे आहे. तो शब्द आला तो नोंदवहीतून. कारखान्यात पाळीगणिक लिहावे लागते की कोणते यंत्र किती वाजता थांबले, किती वाजता सुरू झाले, आणि उत्पादन किती बुडाले. या रकान्यांना क्रियापद चालत नाही. त्यांना मोजता येणारे नाम हवे. ‘आज तीन ब्रेकडाउन’ म्हणजे तीन वेळा थांबणे. ‘तीन बिघाड’ म्हणजे तीन दोष, आणि ते तिन्ही एकाच थांबण्यामागेही असू शकतात. दोन ब्रेकडाउनांमधील सरासरी काळ काढता येतो. दोन बिघाडांमधील काळ ही कल्पनाच नीट जुळत नाही, कारण बिघाडाला निश्चित आरंभक्षण नसतो.

शिवाय हा शब्द एकटा आलेला नाही. आपल्या कुटुंबासह आला आहे. ठरवून थांबविणे तो ‘शटडाउन’; संरक्षक यंत्रणेने आपोआप तोडणे तो ‘ट्रिप’; न ठरविता थांबणे तो ‘ब्रेकडाउन’. शटडाउन ‘घेतला’ जातो, ट्रिप ‘होते’, ब्रेकडाउन ‘येतो’. या तीन सहायक क्रियापदांकडे लक्ष द्यावे. नामे परकी असली तरी कर्तृत्वाचा भेद मराठी क्रियापदांनीच राखला आहे : घेणारा कोणी तरी असतो; होणारे आपोआप होते; येणारे बाहेरून, पाहुण्यासारखे अथवा साथीसारखे येते. या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते. शुक्रवारी घेतलेला शटडाउन आणि मंगळवारी आलेला ब्रेकडाउन यांतला फरक तेथे शिकाऊ मुलालाही समजतो. भाषेची ही अंगभूत समज कोणत्याही कोशापेक्षा सूक्ष्म आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

म्हणून नोंदवहीच्या रकान्यापुरता ‘ब्रेकडाउन’ काढून टाकण्याचा आग्रह प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. जेथे गणना आहे तेथे तो उपयुक्त आहे. आक्षेप आहे तो निराळ्या ठिकाणी : गणनेचा शब्द जेव्हा कारणाच्या जागी जाऊन बसतो तेव्हा.

६

‘ब्रेकडाउन आला’ या वाक्याला कर्ता आहे, पण तो ब्रेकडाउन स्वतःच आहे. यंत्र थांबले; का थांबले? ब्रेकडाउनमुळे. ही कारणमीमांसा नव्हे, पुनरुक्ती होय. परंतु नाम असल्यामुळे ती पुनरुक्तीसारखी वाटत नाही; पावसामुळे, पुरामुळे, तशी ब्रेकडाउनमुळे अशी ती निसर्गाच्या पंक्तीला जाऊन बसते.

याउलट मराठी क्रियापदांची जी व्यवस्था आहे, ती कर्त्याचा प्रश्न फार काळ टाळू देत नाही. ‘पडणे’ अकर्मक, ‘पाडणे’ सकर्मक. दोहोंमध्ये अंतर एका कान्याचे. कारखाना बंद पडला असे कोणी म्हटले की ऐकणारा विचारू शकतो : पडला की पाडला? तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, जळणे आणि जाळणे, सुटणे आणि सोडणे अशा जोड्या भाषेभर पसरल्या आहेत. ‘मोडणे’ तर दोन्ही बाजूंनी चालते : काठी मोडली, आणि त्याने काठी मोडली. गिरणी बंद पडली की बंद पाडली, हा वाद मुंबईच्या कामगारवस्तीत १९८२ च्या संपानंतर कित्येक वर्षे चालला. तो अर्थकारणाचा वाद होता तितकाच एका कान्याचा वाद होता. इंग्रजी नामाशी असा वाद घालता येत नाही, कारण त्याला जोडीदारच नाही.

यावर असा आक्षेप येईल की, ‘बंद पडणे’ हेही कर्ता लपविणारेच क्रियापद आहे. मग मराठीचा मोठेपणा तो कोणता? आक्षेप बिनतोड दिसतो. ‘पडणे’ हे मराठीत अनिच्छेचे क्रियापद आहे : आजारी पडणे, अडून पडणे, उघडे पडणे, महाग पडणे. आणि पाडणे म्हणावे तर हेतूचा आरोप येतो. यंत्र कोणी मुद्दाम बंद पाडत नाही. म्हणजे एकीकडे दैव, दुसरीकडे घातपात, आणि मध्ये काहीच नाही, अशी स्थिती असती तर आक्षेप टिकला असता. परंतु मराठीत मध्ये एक तिसरी रचना आहे, आणि व्याकरणकारांनी ‘अनुमती’चे उदाहरण म्हणून तिची नोंद करण्यापलीकडे तिच्या नैतिक सामर्थ्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ती रचना म्हणजे ‘पडू देणे’.

बेअरिंग गेले, बेअरिंग घालवले, बेअरिंग जाऊ दिले. या तीन वाक्यांतील तिसरे वाक्य कारखान्यांतील बहुसंख्य अपयशांचे यथार्थ वर्णन आहे. कोणी ते घालवले नाही. पण आवाज बदललेला ऐकू येत असताना, तेलपाण्याची वेळ टळत असताना, बदली भागाची मागणी पडून राहिलेली असताना ते जाऊ दिले गेले. ‘देणे’ हे सहायक क्रियापद येथे हेतूचा आरोप करीत नाही, परंतु जबाबदारी सोडतही नाही. ते फक्त एवढे सांगते की, थांबविणे कोणाच्या तरी हाती होते. ‘ब्रेकडाउन’ या नामाने मराठी बोलणाऱ्याकडून काही हिरावून घेतले असेल तर ते शब्दभांडारातील एखादे रत्न नव्हे, ही वाक्यरचना होय.

७

हा केवळ व्याकरणाचा विलास नाही, हे दाखविण्यासाठी तीन प्रसंग पाहू.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाणे परिसराचा मोठा भाग अंधारात गेला. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. वृत्तपत्रांनी ‘वीजपुरवठा खंडित’ असे लिहिले. ‘खंडित’ हे संस्कृत कर्मणी विशेषण आहे. त्याच्या रूपातच खंडन करणारा कोणी तरी गृहीत आहे, पण मराठीत ते विशेषण कर्त्यावाचून वापरण्याची सवय झाल्यामुळे तो कर्ता विस्मृतीत गेला आहे. त्या वेळी ऊर्जामंत्र्यांनी दिलेल्या स्पष्टीकरणाप्रमाणे कळवा-पडघा येथील एक मंडल देखभालीसाठी बंद ठेवलेले होते, सर्व भार दुसऱ्यावर होता, आणि ते दुसरे अचानक बंद पडले. या वाक्यात ‘बंद ठेवलेले’ आणि ‘बंद पडले’ ही दोन्ही क्रियापदे आहेत. ती शेजारी शेजारी ठेवताच प्रश्न आपोआप उभा राहतो : एक बंद ठेवताना दुसऱ्याचा विचार कितपत केला होता? ‘खंडित’ अथवा ‘ग्रिड फेल’ या शब्दांत तो प्रश्न विचारण्यास जागाच उरत नाही.

दुसरा प्रसंग उल्हासनगरचा. मे २०२१ मध्ये तेथे दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मृत्यू पावली. ‘स्लॅब कोसळला’ हे वाक्य त्या शहरात इतके परिचित झाले आहे की, पावसाळ्याच्या बातम्यांत ते झाड कोसळल्याच्या बातमीशेजारी छापले जाते. परंतु झाडाचे कोसळणे आणि स्लॅबचे कोसळणे यांत भेद आहे. स्लॅब कोणी तरी ओतलेला असतो, त्यात कोणती रेती आणि किती सिमेंट घालावयाचे हे कोणी तरी ठरविलेले असते, आणि नंतर गळती दिसत असताना कोणी तरी तो तसाच राहू दिलेला असतो. येथे ‘कोसळू दिला’ हेच वाक्य सत्याच्या जवळ जाते.

तिसरा प्रसंग शेजारच्या डोंबिवलीचा. २३ मे २०२४ रोजी तेथील औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे मरण पावली. पहिल्या बातम्यांत ‘बॉयलर फुटला’ असे आले. पुढे तो रिॲक्टर असल्याचे सांगण्यात आले. सामान्य वाचकास हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु बॉयलरसाठी १९२३ पासून वेगळा कायदा आणि वेगळे संचालनालय चालत आले आहे. रिॲक्टरची देखरेख दुसऱ्या खात्याकडे जाते. वस्तूचे नाव बदलले की जाब विचारावयाचे दार बदलते. आणि ‘फुटला’ या अकर्मक क्रियापदाने दोन्ही दारे काही काळ बंदच राहतात.

कायद्याच्या भाषेतही हा भेद दिसतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील ८८ वे कलम अपघाताची सूचना देणे बंधनकारक करणारे होते. मृत्यू झाला, अथवा दुखापतीमुळे कामगार अठ्ठेचाळीस तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर ती सूचना द्यावी लागे. एकाच क्षणी यंत्र थांबते आणि त्याच्याजवळच्या माणसाचा हात दुखावतो. पहिली घटना ‘ब्रेकडाउन’ म्हणून कारखान्याच्या वहीत राहते. दुसरी ‘अपघात’ म्हणून दाराबाहेर जाते. माणूस दोन दिवसांत परत आला तर दुसरी घटना पहिलीत विरून जाऊ शकते. शब्दाची निवड ही येथे शैलीची बाब राहत नाही. जखम कोणत्या कागदावर उमटणार, हे ती ठरविते. आणि जो कामगार आपल्या जबानीत ‘ब्रेकडाउन झाला होता’ एवढेच सांगतो, तो नकळत आपल्याच विरुद्ध साक्ष देतो. कारण त्याने ऐकलेला आवाज, त्याने दिलेली सूचना आणि ‘आजची पाळी निघू दे, मग पाहू’ हे मिळालेले उत्तर, यांतले काहीच त्या शब्दात मावत नाही.

८

या विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतील. पहिला असा की, ‘ब्रेकडाउन’ला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा उद्योग ज्या रीतीने होतो, ती रीतच सदोष आहे. नामाच्या जागी नाम बसविणारा कोशकार परभाषेचा शब्द हटवतो, पण तिची विचारपद्धती कायम ठेवतो. ‘तांत्रिक बिघाड’ हे त्याचे ठळक उदाहरण. ऑर्डनन्स फॅक्टरीला ‘आयुध निर्माणी’ म्हणावे किंवा बॉयलरला ‘बाष्पक’ म्हणावे याने पाटी बदलते, वाक्य बदलत नाही. दुसरा असा की, गणनेसाठी आलेला शब्द गणनेपुरता राहू द्यावा. ‘किती वेळा’ आणि ‘किती वेळ’ या प्रश्नांना ‘ब्रेकडाउन’ हे उत्तर चालेल. ‘का’ या प्रश्नाला मात्र ते चालू नये. तेथे अहवाल लिहिणाऱ्याने नाम सोडून क्रियापदाकडे यावे, आणि घडले, घडविले आणि घडू दिले या तिहींपैकी कोणते, हे स्पष्ट लिहावे.

तिसरा निष्कर्ष विद्यापीठांतील मराठीच्या अभ्यासकांसाठी आहे. औद्योगिक मराठीचा अभ्यास आपण उसन्या शब्दांच्या याद्या करून संपवतो. अशा याद्या उपयुक्त असल्या तरी त्यांत शब्द दिसतात, वाक्ये दिसत नाहीत. आणि भाषेचे सामर्थ्य वा तिची हानी ही वाक्यात घडते. ‘घेणे’, ‘होणे’, ‘येणे’ या साध्या क्रियापदांनी अंबरनाथच्या कामगाराने तीन परक्या नामांत जो विवेक राखला, तो आपल्या याद्यांत कोठेही नोंदला जात नाही. तो नोंदवावयाचा असेल तर अभ्यासकाने पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्याच्या दाराशी उभे राहावयास हवे. जाणारा येणाऱ्याला तेथे यंत्राची हकीकत सांगत असतो. ती नोंदवहीत लिहिली जात नाही. तिच्यात आवाज कधी बदलला, कोणाला सांगितले आणि कोणी चालू ठेवायला लावले, हे सर्व असते. ती हकीकत अजून क्रियापदांत सांगितली जाते; आणि जोवर ती तशी सांगितली जाते तोवर पडले, पाडले की पडू दिले, हा प्रश्न मराठीत विचारता येईल.